किल्ल्यात पाणी कोण भरतं?

संगणकावरच्या एका खेळाबद्दलचा लेख आपल्या अंकात पाहून काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील. रेशन, पोटगी, पाणी, मारहाण हे प्रश्न सुटले की काय, असंही कोणी विचारील. ते सुटलेले नाहीत, आणि त्यांतले काही या लेखात येणारच आहेत. पण आपल्या वस्त्यांतल्या मुलामुलींच्या हातात आज मोबाइल आहे, त्यांचा फावला वेळ खेळांत जातो. शूर कोणाला म्हणायचं, तगून राहणं म्हणजे काय, याचे धडे त्यांना तिथेही मिळत असतात. 'आई स्वयंपाक करते, बाबा कचेरीत जातात' अशी वाक्यं पाठ्यपुस्तकांत असतात म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडत आलो. मग खेळांकडे काणाडोळा का करायचा?

निमित्त एका मागणीचं आहे. मी स्वतः एक खेळ खेळते, 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' नावाचा. तो खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक मागणी निघते: यात 'सर्व्हायव्हल कॉम्बॅट मोड' हवा. मोड म्हणजे त्याच खेळाचा वेगळ्या नियमांचा प्रकार. क्रिकेट तेच, पण पाच दिवसांची कसोटी वेगळी आणि वीस षटकांचा सामना वेगळा, तसं. किल्ला बांधण्यात जाणारी वर्षं वगळायची आणि एकदम वेढ्यापासून सुरुवात करायची. शत्रूच्या लाटेमागून लाट येत राहील. जितक्या लाटा परतवाल तितके गुण. शेवटचा माणूस पडला की खेळ संपला.

ही मागणी मला मान्य आहे. बायकांना मारामारी आवडत नाही, त्यांना शेत लावण्याचे नाहीतर बाहुली सजवण्याचे खेळ द्यावेत, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. वेढ्याचा खेळ मलाही खेळायचा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की गुण कशाचे द्यायचे? तगून राहिलं कोण आणि कोणाच्या जोरावर, हे मोजायचं कसं?

खेळ आहे तरी कसा

हा खेळ टार्न आणि झॅक अॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी बनवला. २००२ पासून ते त्यावर काम करत होते, आणि २००६ साली तो सर्वांसाठी खुला झाला. युरोपातल्या लोककथांत डोंगराच्या पोटात राहणारे, खाणी खोदणारे बुटके लोक असतात. सात बुटक्यांची तुकडी घेऊन आपण एखाद्या डोंगरापाशी उतरायचं. खोदायचं, पिकवायचं, घरं करायची. हळूहळू वस्ती वाढते. आपण कोणा एकाला चालवत नाही. कामं नेमून देतो, आणि माणसं आपापल्या स्वभावाप्रमाणे ती करतात किंवा करत नाहीत. प्रत्येकाला नाव, नातेवाईक, आवडीनिवडी, आठवणी आहेत. न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी संगणकीय खेळांची जी पहिली निवड केली, तीत हा खेळ होता.

या खेळात जिंकणं नाही. किल्ला केव्हा ना केव्हा पडतोच. पूर येतो, उपासमार होते, वेढा पडतो, नाहीतर माणसं मनानं खचून एकमेकांच्या अंगावर जातात. 'हरण्यात मजा आहे' हे इथल्या खेळणाऱ्यांचं ब्रीदच आहे. म्हणूनच ही नव्या मोडची मागणी मला साधी वाटत नाही. गुण नसलेल्या खेळात पहिल्यांदाच गुण येणार आहेत. आणि गुण आले की कोणतं काम मोलाचं आणि कोणतं बिनमोलाचं, हे ठरतं.

स्त्री-पुरुषांच्या बाबतीत हा खेळ पुष्कळ खेळांपेक्षा बरा आहे. ताकद, कौशल्य, हुद्दा यांत बाई म्हणून काही उणं नाही. सेनापती बाई असते, लोहार बाई असते. चिलखताच्या नावाखाली छाती आणि मांड्या उघड्या टाकणारा पोशाख तिच्या अंगावर चढवलेला नाही. पण बाळ झालं की मात्र ते पहिलं वर्ष आईच्याच अंगावर. बापाच्या कडेवर बाळ जाण्याची सोय नाही. आई शिपाई असली तर बाळ घेऊनच लढाईत उतरते, आणि तिच्यावर येणारा घाव बाळाला लागू शकतो. त्यावरून खेळणाऱ्यांत 'बाळाची ढाल' असा विनोद चालतो. विनोद सोडून द्या. पण समान हक्क दिले आणि मूल सांभाळायची व्यवस्था मात्र जुनीच ठेवली तर काय होतं, याचं इतकं नेमकं उदाहरण मला एखाद्या शिबिरातही देता आलं नसतं.

आता जखमींचं पाहू. खेळात इस्पितळ बांधता येतं. तिथे टाके घालायला दोरा लागतो, पट्टीला कापड, मोडलेल्या हाडाला फळ्या, चालायला कुबड्या. जखम धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण लागतो, नाहीतर ती चिघळते. साबण आयता मिळत नाही. लाकूड जाळून राख करायची, राखेपासून क्षार काढायचा, त्यात चरबी किंवा तेल मिसळायचं. एरवी दारूवर जगणाऱ्या या बुटक्यांना आजारपणात पाणीच चालतं, आणि ते बादलीनं आणून पाजायला कोणीतरी लागतं. ते कोणीतरी नसलं, तर लढाईत वाचलेला शिपाई खाटेवर तहानेनं मरतो.

म्हणजे तगून राहण्याची सगळी सामग्री खेळात आधीपासूनच आहे. फक्त तिची नोंद पाहा. कोणी किती शत्रू मारले याची यादी प्रत्येकाच्या नावापुढे राहते. एखाद्या शिपायाची तलवार त्याच्या जिवाभावाची झाली तर तिलाही नाव मिळतं, आणि तिनं घेतलेल्या बळींची यादी तिच्या नावावर लागते. चार महिने रोज जखमींना पाणी पाजणाऱ्याच्या नावापुढे अशी यादी नाही. तलवारीची नोंद आहे, बादलीची नाही. नवा मोड नुसत्या लाटा मोजणार असेल, तर हीच वही तो पुढे चालवील.

वेढ्यात खरोखर काय होतं

वेढे आपल्याला इतिहासातून माहीत आहेत, पण बहुतेक लढणाऱ्यांच्या बाजूनं. आतल्या स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर चित्र बदलतं.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राड शहराला ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस वेढा होता. लाखो माणसं मेली, त्यांतली बहुतेक भुकेनं. २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभर पावाचं रेशन सर्वांत खाली गेलं. कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम, आणि कचेरीतले नोकर, मुलं व 'अवलंबित' यांना १२५ ग्रॅम. या 'अवलंबितां'त गृहिणी धरलेल्या होत्या. नळ गोठल्यावर नदीच्या बर्फाला भोक पाडून पाणी काढायचं, ते घसरगाडीवरून घरी ओढायचं, पहाटेपासून पावाच्या रांगेत उभं राहायचं, घरातल्या आजाऱ्याचं करायचं, मेलेल्याला गुंडाळून दफनभूमीपर्यंत न्यायचं. हे सगळं करणारी बाई कागदावर दुसऱ्याच्या जिवावर जगणारी ठरली, आणि त्या हिशेबानं तिच्या वाट्याला निम्मा पाव आला. मोजणी चुकली की माणूस उपाशी राहतो, हे इतकं थेट आहे.

आपल्याकडेही ही मोजणी काही फार वेगळी नव्हती. रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात, २०१० साली, सर्वोच्च न्यायालयानं जनगणनेवर ताशेरे ओढले. घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना भिकारी आणि कैद्यांच्या जोडीनं 'काम न करणाऱ्यां'त घालणं हा स्त्रियांचा अपमान आहे, असं न्यायालयाला म्हणावं लागलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं दिसलं. ही कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. आणि ती कामं करणारे पुरुषच मुळात थोडे.

साराजेव्होचा वेढा तर आपल्या डोळ्यांसमोरचा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १४२५ दिवस. भोवतालच्या डोंगरांवरून नेमबाज रस्त्यावरच्या माणसाला टिपत. तरी पाणी आणायला बाहेर पडावंच लागे. हातात प्लास्टिकचे डबे घेऊन चौकातून पळणाऱ्या बायकांची छायाचित्रं तेव्हा जगभर छापून आली. मे १९९२ मध्ये पावाच्या रांगेवर तोफगोळे पडले आणि रांगेतली माणसं मेली. बंदूक हातात नसलेल्या माणसाला वेढ्यात युद्धाबाहेर राहता येतं, हा समज त्या रांगेत संपला.

याच वेढ्यावरून सुचलेला एक खेळ पोलंडमधल्या वॉर्सॉच्या एका कंपनीनं २०१४ साली काढला, 'धिस वॉर ऑफ माइन'. त्यात आपण शिपाई नसतो. पडक्या घरात अडकलेली तीन-चार साधी माणसं असतो. दिवसा चूल, खाट, पाणी गाळायची सोय करायची, रात्री कोणीतरी एकानं बाहेर जाऊन मिळेल ते आणायचं. म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषध चोरलं तर औषध मिळतं, पण चोरणारा आतून पोखरत जातो. लाखो लोकांनी हा खेळ विकत घेतला. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारनं शाळांना सुचवलेल्या साहित्याच्या यादीत तो घालायचं ठरवलं. तेव्हा पाणी, चूल आणि आजारपण यांवर खेळ चालणार नाही, कोणी विकत घेणार नाही, हे म्हणणं टिकत नाही.

'तू प्रतिकार का केला नाहीस?'

इथे काही जण म्हणतील, ठीक आहे, खेळ जरा अधिक वास्तव होईल. पण चळवळीचा याच्याशी काय संबंध? माझ्या मते संबंध फार जवळचा आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेतल्यावर गेली काही वर्षं मी घरच्या मारहाणीच्या तक्रारी ऐकण्याचं, नोंदवण्याचं काम करते. बाई समोर बसते. इतकी वर्षं काय केलंत, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, 'काही नाही, सोसलं.' मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडते. पायांच्या आवाजावरून नवरा किती पिऊन आलाय ते ओळखायला ती शिकली होती. तशा रात्री मुलांना शेजारच्या मावशींकडे झोपवत होती. तांदळाच्या डब्यात तळाशी दहा-दहाच्या नोटा साठवत होती. रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले माहेरी पोचवून ठेवले होते. थोरलीला शिक्षणाच्या नावाखाली मामाकडे पाठवलं होतं. हे सगळं करणारी बाई म्हणते, मी काही केलं नाही. कारण तिनं हात उचलला नाही, आणि 'काही करणं' म्हणजे हात उचलणं, असं तिलाही शिकवलेलं आहे.

हे शिकवणं घरापुरतं थांबत नाही, न्यायासनावरही ते बसलेलं होतं. मार्च १९७२ मध्ये, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडलं, ते मथुरा खटला म्हणून आपल्याला माहीत आहे. अल्पवयीन आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे झुंज दिली नव्हती, म्हणजे संमती होती, अशी ती साखळी होती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही केवळ अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून बाईची संमती होती असं मानू नये, हे वाक्य कायद्याच्या कलमात यायला २०१३ साल उजाडलं. देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर ४१ वर्षं!

गप्प राहून, अंग चोरून, वेळ काढून जीव वाचवणं हेही तगून राहणंच आहे, हे कायद्याकडून कबूल करून घ्यायला आपल्याला एवढा काळ लागला. 'पीडित' या शब्दाऐवजी आपण 'सर्व्हायव्हर' म्हणू लागलो तो याच समजुतीतून. आणि आता त्याच शब्दाच्या नावानं निघणाऱ्या मोडमध्ये गुण फक्त झुंजीचे असतील, तर खेळणाऱ्या मुलामुलींच्या मनात तीच जुनी साखळी पुन्हा ओवली जाईल: लढला तो तगला, लढली नाही, तिनं काही केलं नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. 'टूम राइडर' या खेळाची नायिका लारा क्रॉफ्ट. २०१३ साली तिची नवी गोष्ट आली, 'सर्व्हायव्हर'चा जन्म कसा झाला ती. त्याआधी २०१२ मध्ये दाखवलेल्या झलकेत एक पुरुष तिच्याशी लगट करतो, ती त्याला मारते आणि तिथून कणखर होत जाते. खेळणाऱ्याला तिचं रक्षण करावंसं वाटेल, असं निर्मात्यानं तेव्हा सांगितलं आणि बराच गदारोळ झाला. बाई शूर होण्यासाठी आधी तिच्यावर हात पडलाच पाहिजे, ही कल्पना कथाकादंबऱ्यांत आणि सिनेमांत आपण पुरेशी पाहिली आहे. पुरुष नायकाला शूर व्हायला असल्या कारणाची गरज पडत नाही.

माझा प्रस्ताव

नुसती टीका करून थांबणं बरोबर नाही. मोड करायचाच आहे, तर तो असा करावा.

पहिली गोष्ट, वेढ्यात सापडणारी माणसं निवडक धडधाकट नसतात. तेव्हा सुरुवात चाळीस-पन्नास जणांच्या वस्तीपासून व्हावी. त्यात तान्ही मुलं, दिवस गेलेल्या बायका, म्हातारे, कुबड्यांवर चालणारे सगळे असावेत. कोणाला 'निरुपयोगी' म्हणून वगळण्याचं बटण नसावं.

दुसरी, पाणी, साबण, दोरा आणि धान्य मोजकं असावं, आणि विहीर तटाबाहेर असावी. पाण्याला कोणाला पाठवायचं, हा निर्णय खेळणाऱ्याला नाव घेऊन करावा लागावा. आणि ज्या वहीत तलवारीच्या बळींची नोंद होते, त्याच वहीत बादलीची व्हावी: अमुक बाईनं वेढ्यात इतक्या खेपा केल्या, अमुक बाप्यानं इतक्या जखमींना पाणी पाजलं.

तिसरी, बाळ कोणाच्याही कडेवर जावं. बापाच्या, आजीच्या, शेजारणीच्या. पाळणाघराला एक खोली नेमून देता यावी. मग शिपाई आईला बाळ ठेवून तटावर चढता येईल, आणि त्या विनोदाचीही सोय संपेल.

चौथी, पळून जाणं, लपणं, भुयारानं माणसं बाहेर काढणं, वाटाघाट करणं, खंडणी देऊन वेळ विकत घेणं, यांना लाट परतवण्याइतकेच गुण असावेत. चार शत्रू मारून दहा माणसं गमावणाऱ्यापेक्षा एकही शत्रू न मारता सगळ्यांना डोंगरापलीकडे नेणारा वरचढ ठरावा. लढाई निघून जाऊ नये. पण लढाई हा एकमेव मार्गही असू नये.

पाचवी, बायकांवरच्या अत्याचाराचा देखावा कुठेही नको, ना धाक म्हणून, ना शौर्याचं कारण म्हणून. या खेळात शत्रूचे हस्तक मुलं पळवून नेतात, ते आधीपासूनच आहे. पळवलेलं माणूस परत आलं तर वस्तीनं त्याला घरात कसं घेतलं, यावर मात्र गुण असावेत. फाळणीत पळवलेल्या आणि नंतर 'परत आणलेल्या' किती स्त्रियांना स्वतःच्या घराचं दार बंद मिळालं, हे आपल्याला ठाऊक आहे. सुटका ही अर्धीच गोष्ट असते.

सहावी आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची, गुणांची बेरीज शेवटचा शत्रू पडल्यावर करू नये. वेढा उठल्यानंतर एक वर्षानं करावी. किती जखमी चालू लागले? किती मुलं जगली? रात्री दचकून उठणारे किती, आणि त्यांच्यापाशी बसायला कोणी होतं का? लढलेल्या बाईला वस्तीत मान राहिला का? सोव्हिएत सैन्यातल्या शेकडो स्त्रियांशी बोलून स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात नेमबाज आहेत, डॉक्टर आहेत, आणि सैन्याचे रक्ताळलेले कपडे धुणाऱ्या परटिणीही आहेत. घरी परतल्यावर यांतल्या कित्येकींना आपण आघाडीवर होतो हे लपवावं लागलं, कारण लोक त्यांच्या चारित्र्याबद्दल कुजबुजत. लढाई जिंकली, पण त्या बायकांचा वेढा उठला नव्हता. एक वर्षानंतरची मोजणी हवी, ती यासाठी.

काही आक्षेप

'यात मजा कुठे राहिली?' हा पहिला आक्षेप येणार. राख, क्षार आणि चरबी यांचा मेळ घालून साबण करण्यात ज्यांना तासन्तास मजा येते, त्या खेळणाऱ्यांनी तो घेऊ नये. अवघड निवड करणं हीच या खेळाची मजा आहे. बादली घेऊन तटाबाहेर कोणाला पाठवायचं, यापेक्षा अवघड निवड कोणती?

दुसरा आक्षेप, 'खेळात राजकारण आणू नका.' हे म्हणणं नेहमी नम्रपणेच येतं असं नाही. खेळांतल्या स्त्रीचित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीसियन यांना २०१४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठातलं भाषण रद्द करावं लागलं, कारण सभेत गोळीबार करण्याची धमकी आली होती. खेळ इतका निरुपद्रवी असता तर त्यावर बोलणाऱ्या बाईला बंदुकीचा धाक दाखवायची गरज कोणाला पडली असती? आणि नुसत्या बळींची यादी ठेवणं हेही राजकारणच आहे. सवयीचं झालं म्हणून ते दिसत नाही, इतकंच.

तिसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. 'हिंसेचा खेळ हवाच कशाला? मुलांना शांततेचे खेळ द्या.' मला ही भावना कळते. पण आपण मुलींसाठी कराटेचे वर्ग घेतो तेव्हा त्यांना मारामारी शिकवतो म्हणून नाही, तर आपलं अंग आपलं आहे हे त्यांना कळावं म्हणून. युद्ध, वेढा, दंगल हे जगात आहे. मुलं ते बातम्यांत पाहतात, काही मुलं घरातच पाहतात. ते त्यांच्यापासून लपवण्यापेक्षा त्यातलं खरं काय ते दाखवलेलं बरं. मुलीला तटावर चढायला मिळालंच पाहिजे. आणि मुलाला बादली उचलावी लागली पाहिजे. दोन्ही एकाच खेळात.

शेवटी, हा खेळ बनवणाऱ्यांचीच एक गोष्ट. सुमारे सोळा वर्षं हा खेळ फुकट मिळत होता, आणि दोघं भाऊ लोकांच्या देणग्यांवर चालवत होते. २०१९ साली त्यांनी चित्रांसहित विकत घेण्याजोगी आवृत्ती काढायचं जाहीर केलं. झॅक अॅडम्स यांना झालेला त्वचेचा कर्करोग आणि अमेरिकेतल्या वैद्यकीय खर्चाची धास्ती, ही कारणं त्यांनी उघडपणे सांगितली. ती आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी आली आणि पहिल्या महिन्यातच तिच्या पाच लाखांच्या आसपास प्रती खपल्या. म्हणजे खुद्द हा खेळ आजच्या रूपात आला तोही आजारपण, औषध आणि त्याचा खर्च कोण उचलणार या प्रश्नातून. तगून राहण्याचा हिशेब इस्पितळापाशी येऊन ठेपतो, हे त्याच्या निर्मात्यांना सांगायची गरज नसावी.

आपल्याकडे सगळ्यांना हा खेळ खेळता येईल असं नाही. त्याला संगणक लागतो, इंग्रजी लागतं, वेळ लागतो, आणि या तिन्ही गोष्टी मुलींना मुलग्यांपेक्षा कमी मिळतात. पण मोबाइलवरच्या साध्या खेळालाही हेच प्रश्न विचारता येतात. किशोरींच्या पुढच्या गटात एकदा विचारून पाहा: तू खेळतेस त्या खेळात गुण कशाचे मिळतात? जखमी झालेल्याचं कोण करतं? पळून गेलं तर हरलो असं का धरतात? पाणी कोण भरतं? मुलग्यांच्या गटातही विचारा. मुलं काय सांगतात ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.